वाळूच्या पिंपाची साक्ष

'रिकामे' हा शब्द एरवी निरुपद्रवी आहे. रिकामी वाटी, रिकामा वेळ, रिकामी खुर्ची. त्याने कुणाच्या अंगावर काटा येत नाही. आमच्या अंगणात मात्र तो उच्चारायला मनाई आहे. हातातले शस्त्र तपासून झाले की इथे 'रिकामं आहे' असे म्हणायचे नाही, 'पाहिलं' असे म्हणायचे. वरवर दोन्ही शब्द एकच काम करतात, पण जरा विचार केला तर त्यांच्यातले अंतर लक्षात येते. 'रिकामं' म्हणणारा माणूस शस्त्राविषयी बोलतो, आणि शस्त्राविषयी माणसे ऐकीव, आठवणीतले, सोयीचे असे काहीही बोलतात. 'पाहिलं' म्हणणारा स्वतःविषयी बोलतो. ते खोटे ठरले तर त्याला शस्त्राकडे बोट दाखवता येत नाही. माझी सारी कहाणी एवढ्या अंतरात मावते.

मी वाळूचे पिंप बोलतो आहे. परवाना कार्यालयाच्या मागच्या अंगणात, शस्त्रागाराच्या दाराशी, विटांच्या दोन थरांवर किंचित तिरपा टेकून मी उभा आहे. माझ्या पोटात चाळलेली वाळू आहे, तोंडावर जाड झाकण आहे आणि झाकणाच्या मधोमध मुठीएवढे भोक आहे. पिस्तुलातली काडतुसे काढताना किंवा भरताना त्याची नळी त्या भोकात धरायची असा नियम आहे. चुकून चाप ओढला गेलाच, तर गोळी वाळूत जाते आणि माणसे माणसांच्या जागी राहतात.

जन्माने मी असा गंभीर नव्हतो. एका कारखान्यात पत्रा वाकवून, कडा जोडून मला घडवले आणि पहिली काही वर्षे माझ्यात साबणाचे तेल भरले जाई. तेल संपले की कामगार मला आडवे पाडून पायाने लोटत नेत. मी आवारभर असा खणखणत जाई की कुणाला वाटावे, मोठी मिरवणूकच निघाली आहे. तेव्हा मी रिकामा होतो आणि तसे म्हणायला कुणाची हरकत नव्हती.

मग या कार्यालयाने मला कचऱ्यासाठी आणले. चहाचे कागदी पेले, फाटके लिफाफे, विड्यांची थोटके, कुणाचा तुटलेला चष्मा, कुणाचा न खाल्लेला डबा. सरकारी कचऱ्यात असते ते सारे माझ्यात होते. परवाने देणारे ते कार्यालय माझ्या मुखाने दिवसभर उष्टे खात होते.

मला त्यातून बाहेर काढले ते उस्तादांनी. पोलिसांना शस्त्रे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि निवृत्तीच्या अलीकडे त्यांना या शस्त्रागारावर नेमले होते. पोट सुटलेले, आवाज करडा, मिशी मात्र अशी कातरलेली की जणू पट्टी लावून आखली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटे केले, घासले, उन्हात ठेवले, आणि स्वतः वाळू चाळून माझ्यात भरली.

कारकुनाने विचारले, "उस्ताद, आता कचरा कुठं टाकायचा?"

"तुमच्या टेबलाखाली. हे तोंड आता फक्त खरं ऐकणार."

त्या दिवसापासून 'रिकामं' हा शब्द बंद झाला. शस्त्र देणाऱ्याने नळी माझ्यात धरून तपासायचे आणि 'पाहिलं' म्हणायचे. घेणाऱ्यानेही तपासायचे आणि 'पाहिलं' म्हणायचे. एकाच्या शब्दावर दुसऱ्याने चालायचे नाही, मग समोर कुणीही असो.

माणसे किती तऱ्हांनी शस्त्र आणतात हे मी जवळून पाहिले आहे. चांदीच्या मुठीचे पिस्तूल घेऊन येणारे एक शेठ होते. ते दर वेळी हात झटकून म्हणत, "अहो, रिकामंच आहे, कशाला तो सोहळा?" त्यावर उस्ताद हात मागे बांधून उभे राहत आणि म्हणत, "शेठ, मला ऐकू कमी येतं. पिंपाला सांगा." एक निवृत्त गृहस्थ वडिलांचे जुने शस्त्र दुपट्यात गुंडाळून आणत, ते इतक्या हळुवारपणे सोडवत की आत तान्हे मूल असावे. काहीजण नळीवर उगीच फुंकर मारतात. एक तरुण तर झाकणावर नळी आपटली गेली म्हणून मला "सॉरी" म्हणाला होता. मला तो फार आवडला.

अंगणात वळचणीखाली एक बाक आहे. आपला क्रमांक येईपर्यंत तिथे वाद चालतात. कुणी म्हणतो, "सगळी शस्त्रं गोळा करा आणि वितळवून टाका, जग सुखी होईल." लगेच दुसरा सरसावतो, "म्हणजे चोराकडे राहील आणि माझ्याकडे नसेल. त्यापेक्षा ज्याच्या-त्याच्या कमरेला द्या, मग बघा कोण कुणाच्या वाटेला जातो." दोघेही मनापासून बोलतात आणि दोघेही मोठ्याने बोलतात. त्यांपैकी कुणीही उठून माझ्या भोकात डोकावलेले मला आठवत नाही.

आमचा कायदा या दोघांच्या मधून वाट काढतो. घरात शस्त्र ठेवायचा परवाना वेगळा आणि ते सोबत बाळगायचा वेगळा. दुसरा मिळवायचा तर तीन गोष्टी लागतात. जिवाला खरा धोका आहे हे दाखवावे लागते. घरातल्या एका वडीलधाऱ्याने समक्ष येऊन संमती द्यावी लागते. आणि माझ्यासमोर उभे राहून शस्त्र भरून, पुन्हा मोकळे करून दाखवावे लागते. पहिल्या दोन गोष्टी वरच्या मजल्यावर साहेब पाहतात. तिसरी खाली माझ्यापाशी होते.

मोजणीबाई आल्या त्या किंचित लंगडत. जमिनी मोजणे हे त्यांचे काम. तिपाई, दुर्बीण आणि फीत घेऊन त्या एकट्याच लांबलांबच्या शेतांत जात. एका विधवा बाईच्या जमिनीवर शेजारच्या बड्या माणसाने भिंत घातली होती. ती किती आत घातली आहे ते यांनी मोजून सांगितले आणि न्यायालयाने भिंत पाडायला लावली. तेव्हापासून तो भिंतवाला यांच्या पाठीमागे लागला. एका दुपारी त्याने आपली गाडी यांच्या स्कूटरवर घातली. पाय मोडला. तो पकडला गेला, जामिनावर सुटला, आणि प्लास्टर निघायच्या आत यांच्या घरासमोरून दोनदा हळूहळू गाडी नेऊन गेला.

"काम सोडून दे म्हणतात सगळे," त्या पहिल्या दिवशी उस्तादांना म्हणाल्या. "मी सोडलं तर पुढच्या वेळी त्याच्या भिंतीजवळ फीत कोण धरणार?"

उस्ताद म्हणाले, "बाई, फीत धरता येते म्हणजे हात स्थिर आहे. बाकीचं शिकता येतं."

त्या शिकल्या. आधी मुठीतून मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पट्टी, बाहेर काढायची. मगच पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढायचा, म्हणजे नळीच्या बुडाशी घरात बसलेले काडतूस बाहेर पडते. मग त्या घरात पाहायचे. हा क्रम उलटा झाला तर घात होतो. वरचा भाग आधी ओढला, की पट्टीतले काडतूस घरात जाऊन बसते. नंतर पट्टी काढली तरी ते आतच राहते. हातात मात्र पट्टी दिसते आणि माणसाला वाटते, झाले. मोजणीबाईंनी हा क्रम असा मुरवला की उस्ताद मुद्दाम मध्येच हाक मारत, तरी त्यांचा हात चुकत नसे.

अडले ते संमतीवर. वडील नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. वडीलधारा म्हणजे थोरला भाऊ. त्याचे औषधांचे दुकान होते. परीक्षेच्या दिवशी तो बहिणीबरोबर आला खरा, पण संमती द्यायला नव्हे, साहेबांना समक्ष नकार सांगायला. साहेब वर कामात होते, म्हणून दोघे माझ्या शेजारी उभे होते. भांडण दबक्या आवाजात सुरू झाले आणि लवकरच त्याचा दबकेपणा सुटला.

"घरात माझी दोन पोरं आहेत. धाकटा कपाटं उघडत सुटतो. तुला कळतंय का?"

"कळतं. म्हणून तर पेटी भिंतीत बसवणार आहे. किल्ली माझ्या गळ्यात राहील."

"आणि रस्त्यात त्यानेच तुझ्याकडून हिसकावून घेतलं तर?"

"आणि नाहीच घेतलं काही माझ्याजवळ, तर? मागच्या वेळी माझ्याजवळ फीत होती, दादा. फितीने गाडी थांबत नाही."

"पोलीस आहेत ना!"

"आहेत. आले होते. मी खड्ड्यात पडून अर्धा तास झाल्यावर आले. चांगली माणसं होती."

भाऊ अजून हरला नव्हता. मोजणीबाईंनी सूर बदलला. "दादा, तू दुकानात विष ठेवतोस की नाही?"

"ते औषध असतं."

"जास्त झालं की विषच. कुलपात ठेवतोस, चिठ्ठी पाहतोस, मग देतोस. सगळ्यांना देत नाहीस आणि सगळ्यांना नाहीही म्हणत नाहीस. हेही तेवढंच आहे."

"मी विष कमरेला लावून फिरत नाही!"

बाकावरचे लोक हसले. मोजणीबाईही हसल्या. भाऊ तेवढा हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. "तुला परत दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर बघायचं नाही मला," तो म्हणाला, "आणि तुझ्या हातून दुसऱ्या कुणाला तिथं पाठवलेलंही बघायचं नाही. दोन्ही नको."

खरे सांगायचे तर इतके नेमके बोलणे त्या बाकावर मी तोवर ऐकले नव्हते.

परीक्षा झाली. मोजणीबाईंनी नळी माझ्यात धरली, शस्त्र भरले, मोकळे केले. घरातले काडतूस टुणकन उडून झाकणावर पडले. त्यांनी आत पाहिले. "पाहिलं." उस्तादांनी पाहिले. "पाहिलं." सारे आखीव.

इथे उस्तादांना मोह झाला. शिष्या उत्तम निघाली होती आणि तिचा भाऊ अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याची भीती हातात शस्त्र दिल्याने जाईल असे त्यांना वाटले. अनेक शिक्षकांना तसे वाटते. "या डॉक्टर," ते म्हणाले. औषधवाल्याला ते डॉक्टरच म्हणत. "स्वतः करून बघा. नळी पिंपात आहे तोवर वाघसुद्धा मांजर असतो."

त्यांनी काडतुसांची पट्टी पुन्हा बसवून पिस्तूल त्याच्या हातात दिले. त्याचा घाम माझ्या झाकणावर ठिबकला. बहिणीचे पाहून काय करायचे ते त्याला ठाऊक होते. कोणत्या क्रमाने, ते घाबरलेल्या हातांना आठवले नाही. त्याने आधी वरचा भाग मागे ओढून सोडला. काडतूस वर सरकून घरात बसल्याचा तो बारीक आवाज मी पत्र्याच्या कडेकडेने ऐकला. मग त्याने पट्टी बाहेर काढली आणि सुटकेचा श्वास टाकला. "झालं. रिकामं."

याच वेळी जिन्यावरून साहेबांनी हाक दिली. "उस्ताद, उरकलं का? मला न्यायालयात जायचंय."

उस्तादांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून शब्द निघून गेला. "पाहिलं, साहेब!"

ही चूक नवख्याच्या हातून होत नाही. नवखा तो शब्द शोधत असतो, म्हणून आधी पाहतो. ज्याने तो शब्द हजारो वेळा खरा करून दाखवला, त्याच्याच तोंडून तो एक दिवस डोळ्यांच्या आधी बाहेर पडतो.

भावाने नळी भोकातून उचलायला सुरुवात केली. त्याच्या समोर उस्तादांचे सुटलेले पोट होते आणि पोटामागे बाक होता. तेवढ्यात मोजणीबाईंचा हात त्याच्या मनगटावर आला आणि नळी पुन्हा आत दाबली गेली.

"दादा, मी नाही पाहिलं."

"अगं, उस्तादांनी पाहिलंय! आता त्यांच्यावरही विश्वास नाही का तुझा?"

"आहे. पण मी नाही पाहिलं. आत धर."

"तुला कुणाचं पटतच नाही! लहानपणापासून हेच. हे बघ, हे बघ..."

आणि तिला दाखवण्यासाठी त्याने चाप ओढला.

तो आवाज कसा होता ते मला विचारू नका. मी त्याच्या आत होतो. वाळू एकदा उसळली, झाकण थरथरले आणि मग माझ्या पोटात एका जागी कढत शांतता पसरली. कबुतरे छपरावरून उडाली. बाकावरचे दोन्ही वादपटू जमिनीवर पालथे पडले होते आणि योगायोगाने एकमेकांना घट्ट धरून होते.

साहेब जिना उतरून आले. कोरडा माणूस; हसणे आणि रागावणे दोन्ही ते काटकसरीने करत. "कुणी झाडली?"

उस्ताद पुढे झाले. त्यांचा करडा आवाज पहिल्यांदाच बसला होता. "साहेब, चाप यांनी ओढला. पण गोळी माझी. मी 'पाहिलं' म्हणालो आणि पाहिलं नव्हतं."

"पाहिलं नव्हतं?"

"नाही, साहेब. तुमच्या हाकेकडे पाहत होतो."

साहेबांनी वाकून माझ्या भोकात पाहिले. मग भावाकडे वळले. "आपण नकार द्यायला आला होतात असं कळलं. आता तर कारणही मिळालं. सांगा."

भाऊ पिस्तूल झाकणावर ठेवून दोन्ही हात एकमेकांत दाबत होता. मोजणीबाईंचे काम, त्यांचे रस्ते, त्यांचे निर्भय चालणे, सारे त्या एका उत्तरावर टांगलेले होते, आणि ते उत्तर देणाऱ्याला त्या क्षणी जगातले प्रत्येक शस्त्र विहिरीत टाकावेसे वाटत असणार.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "मी दुकानात प्रत्येक बाटलीवरचं नाव दोनदा वाचतो. नोकराने वाचून दिलं तरी मी पुन्हा वाचतो. आज मी दुसऱ्याच्या वाचण्यावर चाललो. ही नाही चालली. हिला द्या." मग त्याने नाक पुसले आणि पुढे म्हणाला, "मला मात्र जन्मात देऊ नका."

"आपण मागितलाही नव्हता," साहेब म्हणाले. "बाई, परीक्षा तुमची होती आणि तुमची काहीच चूक झाली नाही. परवाना मिळेल. उस्ताद, आपण वर या."

उस्तादांना काही महिने शस्त्रागारापासून दूर, बंदोबस्ताच्या कामावर धाडले. ते योग्यच झाले आणि तसे ते स्वतःच म्हणत. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला माझे महत्त्व पटले नाही. माझ्या वाळूवर पुन्हा चहाचे पेले साचू लागले. पण उस्ताद परत आले, त्यांनी पेले वेचले, आणि नियमात एक भर घातली. आता नुसते पाहायचे नाही, नळीच्या बुडाशी करंगळी घालून चाचपायचे, आणि मगच बोलायचे. सवयीला बोलता येते, पण करंगळी घालता येत नाही, असे ते म्हणतात.

मोजणीबाई मला नेहमी भेटत. कार्यालयात शस्त्र नेता येत नाही, म्हणून कामासाठी येताना त्या ते माझ्यापाशी मोकळे करून जमा करत. एकदा त्या आल्या तेव्हा चेहरा निराळा होता.

"परवा गाडी आली होती, उस्ताद. शेताच्या टोकाला थांबली. तो उतरला."

"मग?"

"कमरेला हात नेला आणि आधी त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं. मागे कापणी करणारी माणसं होती. म्हणून मी सरकत सरकत बाजूला गेले, त्याच्या मागे मातीचा उंच बांध येईपर्यंत. तो माझं सरकणं बघत होता. मी का सरकतेय ते त्याला कळलं वाटतं. गाडीत बसला आणि गेला."

"काढलं नाहीस?"

"नाही."

"घाबरलीस?"

"फार. घरी जाऊन दादाला सांगितलं, तर म्हणाला, आधी जेव."

पुढे भिंतवाल्याला शिक्षा झाली. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा मोजणीबाईंनी शस्त्र परत केले. शेठ तिथेच होते, ते म्हणाले, "म्हणजे शेवटी उपयोग झालाच नाही तर!" मोजणीबाई म्हणाल्या, "शेठ, मोडलेला पाय बरा झाल्यावर काठी ठेवून देतात. म्हणून काठी फुकट जात नाही. पुन्हा लागलं तर पुन्हा रांगेत उभी राहीन." मागून भाऊ म्हणाला, "तेव्हा मला आणू नकोस म्हणजे झालं."

आता माझ्या भोकाची कड गंजली आहे. शेजारी याच कामासाठी पोलादाची नवी नळी बसवली आहे; ती दिसायला देखणी आहे आणि मला तिचा मत्सर वाटत नाही. गर्दी झाली की आजही माझ्यापाशी रांग लागते. कायदा कडक असावा की सैल, याचा वाद बाकावर तसाच चालू आहे. मला विचाराल तर जो कायदा चुकीला आधीच जागा करून ठेवतो आणि कुणाच्याही शब्दावर चालत नाही, तो चांगला. मग त्याखाली शस्त्रे थोडी असोत की फार. माझी विनंती मात्र लहान आहे. माझ्यात पेले टाकू नका. आणि कुणी तुमच्या हातात काही देऊन 'रिकामं आहे' म्हणाला, तर त्याचा मान राखून स्वतः पाहा.

शेवटी एक दुरुस्ती. ही हकिगत बाकावर दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा अशी की, परीक्षेत बाईच्या हातून गोळी सुटली, म्हणून परवाने बंद करावेत. दुसरी अशी की, बाईने पहिल्याच गोळीत असा नेम धरला की साहेबांनी जागच्या जागी परवाना दिला. दोन्ही खोट्या आहेत. मोजणीबाईंनी त्या दिवशी चाप ओढला नाही, आणि मला ठाऊक आहे तितपत, नंतरही कधी ओढला नाही. हल्ली एक तिसरी तऱ्हा ऐकू येते: पिंपाने उस्तादांचा जीव वाचवला. ती ऐकायला मला गोड वाटते, पण तीही चूक आहे. मी होतो तिथेच होतो, आणि नळी माझ्यातून बाहेर निघालीच होती. सांगणारे सगळे गोळीच्या आवाजापासून सुरुवात करतात. उस्ताद वाचले ते त्या आवाजाच्या आधी, एका बहिणीने आपल्या भावाचे मनगट दाबून 'मी नाही पाहिलं' म्हटले तेव्हा.